शेवटचा टाका

पालघर,
४ सप्टेंबर १९६६

कुमुद,

तू उत्तर देणार नाहीस असं धरूनच लिहायला बसले आहे. नागपूरचा पत्ता माझ्याकडे नाही. तुझ्या आईंचा अकोल्याचा आहे, त्या पुढे पाठवतील.

स्टेशनवर तू जे म्हणालीस ते मला अजून लागतं. "इथे राहिलीस तर तू डॉक्टर होणार नाहीस हेमा, साहेबांचा रिट्रॅक्टर होशील, जखम ओढून धरणारा लोखंडी हात." गाडी सुटता सुटता म्हणालीस, म्हणजे मला बोलायला वेळही ठेवला नाहीस. मग मीही ओरडून म्हटलं की तुला पळून जाणं परवडतं. ते मी मागे घेत नाही. तुझे वडील वकील, काका सरकारी नोकरीत. एक जागा सोडलीस तर दुसरी मिळते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. इथे जवळच माहीमला भाऊ पानमळ्यात उभे असतात तेव्हा रस्त्याने जाणारा प्रत्येक जण विचारतो, तुमची लेक हेमलता काय म्हणते, आणि भाऊ प्रत्येकाला थांबवून सांगतात. आता त्यांना काय सांगू, की पदविकेची जागा सोडून घरी आले, कारण तिथलं शिकवणं माझ्या मैत्रिणीला पटलं नाही?

आणि ते मला तितकंसं वाईट वाटत नाही. साहेब ऑपरेशनं करायला मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीने मुंबईहून येतात, संध्याकाळच्या गाडीने जातात, हे खरं. शिकवायला वेळ नसतो हेही खरं. पण ते येतात. पालघरला यायला दुसरं कोण तयार आहे? ते येण्याआधी ट्रस्टच्या या दवाखान्यात अडलेल्या बाईचं काही होत नव्हतं. आज डहाणूपासून सफाळ्यापर्यंतच्या बायका आठवड्यातले दोन दिवस तरी वाचतात.

तुझी जागा भरली. डॉ. करंदीकर म्हणून पुण्याचा मुलगा आहे. सारखा हात धुतो आणि सगळ्याला 'फार उत्तम' म्हणतो.

शेवटच्या टाक्यावरून आपण हसायचो ते अजून तसंच चालू आहे. साहेब आतलं सगळं करतात, कातडीपर्यंत येतात, घड्याळ बघतात, सुईचा चिमटा माझ्या हातात देतात आणि हातमोजे काढता काढता म्हणतात, "घे. केस तुझी." तू म्हणायचीस, शिंप्याने कोट शिवायचा, बटण लावणाऱ्याने म्हणायचं कोट माझा. तेव्हा मीही हसले होते. पण खरं सांगू? आता मला ते ऐकायला बरं वाटतं. परवा बोईसरच्या एका बाईचं सिझेरियन झालं. साखरबाई आया वॉर्डभर सांगत होती, "आमच्या चुरीबाईंनी केली. बाईंचा हात लय हलका हाय." मी तिला गप्प करायला हवं होतं. नाही केलं. ती एवढ्या अभिमानाने सांगते, जणू मी तिची धाकटी बहीण आहे.

तुझी स्टीलची पेटी माझ्या खाटेखाली आहे. पाठवू का ते कळव. एवढ्यासाठी तरी कळव.

हेमलता


पालघर,
१३ ऑक्टोबर १९६६

कुमुद,

तू परीक्षा मंडळाला लिहिलंस ते आम्हाला कळलं. साहेबांनी स्वतः सांगितलं, चहा पिताना, सहज. जानेवारीत समिती येणार आहे. इथलं शिक्षण पदविकेला पुरेसं आहे का ते बघणार आणि आम्हाला विचारणार. मान्यता काढली तर आमची जागा मोजली जाणार नाही, माझं वर्ष वाया जाईल. हे तुला माहीत होतं. मला आधी एक ओळ लिहिली असतीस तर? मला विचारायचं नव्हतंस, फक्त सांगायचं होतंस.

आठ दिवस तुझा राग राग केला. मग वाटलं की राग करण्याआधी स्वतः साहेबांशी बोलून बघावं. मंगळवारी गाडीला अवकाश होता, ते ओसरीत बसले होते. मी म्हटलं, सर, एक केस मला पहिल्यापासून करू द्या. तुम्ही समोर उभे राहा, मी चुकले तर हात धरा.

ते रागावले नाहीत. मला वाटलं होतं रागावतील. म्हणाले, "चुरी, मी करतो तेव्हा मूल बाहेर यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या तिप्पट तुला लागेल. मंगळवारी मला चार बायका उरकायच्या असतात. तुला शिकवलं तर चौथी शुक्रवारपर्यंत थांबेल. कोणती थांबवू ते तू सांग."

मी मनातल्या मनात चार बायका मोजू लागले. मग ते म्हणाले, "बघून बघून येतं. आम्ही असेच शिकलो."

त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला सिद्ध करता आलं नाही. तू असतीस तर केलं असतंस. मला फक्त एवढंच दिसतं की चौथ्या बाईची काळजी करणारा माणूस मंगळवार-शुक्रवार सोडून बाकीच्या दिवसांच्या बायकांबद्दल काही बोलत नाही. त्या दिवशी कोणी अडली तर मुंबईची गाडी. गाडी नसली तर मालाचा ट्रक. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघाल्यापासून रस्त्याने ट्रक पुष्कळ असतात, एवढीच सोय वाढली आहे. कामगारांच्या झोपड्या बोईसरपर्यंत आल्या आहेत, नगर-सोलापूरकडच्या बायका, त्यांची बाळंतपणं इथेच होणार.

करंदीकरला विचारलं, तुला इथलं शिक्षण कसं वाटतं? तो म्हणाला, "फार उत्तम. आणि तुम्हालाही उत्तमच वाटायला हवं, जानेवारीपर्यंत."

पेटी पाठवत नाही. तूच येऊन घेऊन जा.

हेमलता


पालघर,
२७ नोव्हेंबर १९६६

कुमुद,

थोडंच लिहिते. इकडे सगळं ठीक आहे. थंडी पडली आहे. भाऊंनी माहीमहून विड्याच्या पानांची करंडी पाठवली होती, ती वॉर्डात वाटली.

गेल्या आठवड्यात एक बाई गेली. आडवं मूल, हात बाहेर आलेला, फार उशिरा आणली होती. अशा केसेस कुठेही जातात. पुस्तकातही तसंच आहे. मूल वाचलं. मुलगी आहे.

मला सध्या नीट जेवण जात नाही, बाकी प्रकृती बरी. साखरबाई म्हणते दृष्ट लागली.

तू विचारणार नाहीस, तरी सांगते, तो बुधवार होता.

हेमलता


पालघर,
११ डिसेंबर १९६६

कुमुद,

तुझं कार्ड मिळालं. चार महिन्यांनी आणि एका ओळीचं. "बुधवारी ऑपरेशन कोणी केलं?" तुला ते एका शब्दावरून कळलं. मला वाटतं, मी तो शब्द त्यासाठीच लिहिला होता.

मी केलं.

तिचं नाव ठमी. पूर्वेच्या डोंगरातल्या पाड्यावरची. नवरा मंगळ्या तारापूरला खडी भरायच्या कामावर असतो. तो सुट्टी घेऊन गेला तेव्हा ती आदल्या दिवसापासून अडलेली होती. चौघांनी झोळीतून रस्त्यापर्यंत आणली आणि तिथून ट्रकने. दुपारी पोचले. मुलाचा हात बाहेर होता, सुजून काळा पडलेला. मी पोटावर कान लावला. ठोके होते. मंद होते, पण होते.

मी म्हटलं, हिला मुंबईला न्या. गाडी संध्याकाळशिवाय नव्हती. दामूअण्णा ऑफिसात होते. तुला आठवत असतील, ट्रस्टचे चिटणीस, भाताच्या गिरणीवाले. ते बाहेर आले आणि म्हणाले, "मुंबईपर्यंत ही टिकते का?" मी म्हटलं, सांगता येत नाही. "मग तुम्ही का करत नाही? बाई, तुमच्या नावावर इतक्या केसेस आहेत म्हणतात. साहेबच सांगतात मला."

मी काहीतरी पुटपुटले. साहेब नाहीत, रक्त नाही, असं. तेवढ्यात मंगळ्या पुढे आला. त्याने साखरबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमीच ना त्या बाई? पोट कापून पोर काढता त्या? आमच्या पाड्यावर नाव हाय तुमचं."

साखरबाई म्हणाली, "ह्याच. काय नाय भिऊ. आपली बाई हाय."

कुमुद, तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं, की मी एकदाही केलेलं नाही. मी फक्त शेवटचा टाका घालते. एवढं एक वाक्य. ते मला तिथे सगळ्यांसमोर म्हणता आलं नाही. लाजले म्हणून नाही, निदान फक्त लाजले म्हणून नाही. मला त्या क्षणी खरंच वाटलं की मला येतं. इतके वेळा बघितलं होतं. इतके वेळा 'केस तुझी' ऐकलं होतं. मी माझ्या मनात ती सगळी ऑपरेशनं केलेली होती.

डॉ. पिंगळ्यांना गावातून बोलावलं, त्यांनी भुलीसाठी ईथर दिलं. करंदीकर समोर उभा राहिला, मी जिथे उभी राहते तिथे. आणि मी साहेबांच्या जागी. तिथे उभं राहिल्यावर सगळं उलटं झालं. हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. मी सगळं समोरच्या बाजूने बघितलेलं. साहेबांचा उजवा हात माझ्या डावीकडे असायचा. आरशात बघून शिकल्यासारखं होतं ते. आता आरसा काढून घेतला होता.

कातडी कापली, आतलं उघडलं, तोवर ठीक होतं. गर्भाशय दिसलं. पातळ झालेलं, निळसर. मी मधोमध चीर घेतली, मला मध्य वाटला तिथे. मूल काढताना ती चीर बाजूला फाटत गेली, तिच्या डाव्या बाजूला, आणि मोठी शीर फुटली. मूल बाहेर आलं. रडलं. करंदीकर म्हणाला, "उत्तम." त्याला अजून दिसलं नव्हतं.

त्या शिरेचं नाव मला येतं. ती कुठून निघते, तिला किती फाटे, ती मूत्रवाहिनीच्या कुठल्या अंगाने जाते, हे सगळं मी फळ्यावर काढून दाखवू शकते. रक्तात ती मला सापडली नाही. मी चिमटे लावत राहिले. पिंगळे म्हणाले, नाडी लागत नाही. नंतर पुन्हा म्हणाले. मी शिवत राहिले. शेवटचा टाका मी फार चांगला घातला, कुमुद. तो मला येतो.

मंगळ्याला काय आणि कसं सांगितलं ते लिहीत नाही. चार दिवसांनी तो परत आला, ज्या घोंगडीत तिला नेलं होतं ती धुऊन आणून दिली. ती दवाखान्याची होती. मुलगी कमळीजवळ आहे म्हणाला, म्हणजे ठमीच्या आईजवळ. शेळीचं दूध देतात. मग म्हणाला, "बाई, आमचाच उशीर झाला." मी त्याला हे म्हणू दिलं. गेल्या पत्रात तुलाही तेच लिहिलं, की उशिरा आणली होती.

शुक्रवारी साहेब आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दार लोटलं, मला बसायला सांगितलं. मला वाटलं आता ते विचारतील, तू हात कसा लावलास. ते म्हणाले, "केस तुझी होती. तुझ्या परीने केलीस. मनाला लावून घेऊ नकोस." मग म्हणाले, "पहिल्या एक-दोन सगळ्यांच्याच जातात. मग हात बसतो. माझ्याही गेल्या."

ते मला धीर देत होते. खरोखर. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी तेव्हापासून त्या वाक्याचा विचार करते आहे. म्हणजे शिकवणं इथेही आहे, साहेब शिकवत नाहीत एवढंच. ठमी शिकवते. तिच्यानंतर आणखी एक कोणीतरी शिकवील. मग माझा हात बसेल, मला पदविका मिळेल, आणि मी नव्या मुलींना सुईचा चिमटा देऊन घड्याळ बघेन.

समिती जानेवारीत येते आहे. तू मला काही सांगू नकोस. मला ठरवू दे.

हेमलता


माहीम,
२२ जानेवारी १९६७

कुमुद,

शुक्रवारी समिती येऊन गेली.

आधी दामूअण्णा इथे घरी आले होते, भाऊंकडे. ओटीवर बसले, पान खाल्लं, पानांची तारीफ केली. मग मला बोलावून म्हणाले की मुली, साहेब इथे येतात ते शिकवणारे म्हणून त्यांचं नाव मंडळाच्या दप्तरात आहे त्यासाठी. पालघरच्या प्रेमापोटी कोण येतं? मान्यता गेली की साहेब गेले. तुमच्या जागा गेल्या की वॉर्डात एक डॉक्टर राहणार नाही. मग आठवड्यातले दोन दिवसही गेले. "तू खरं बोलशील आणि मुंबईला जाशील. बायका इथेच राहतील."

ते लबाडीने बोलत नव्हते. त्यांची स्वतःची सून त्याच टेबलावर वाचली आहे. दामूअण्णा गेल्यावर भाऊ एवढंच म्हणाले, "आपल्याच गावाचा दवाखाना हाय, हेमा. जपून बोल."

समितीत दोघे होते. एक वयस्क, कानाने कमी ऐकणारे, आणि एक तरुण प्राध्यापक. त्यांनी थिएटर बघितलं, पुस्तकांचं कपाट बघितलं. आकडे छान होते, साहेबांची एवढी ऑपरेशनं, आमची एवढी. मग आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. साहेब आणि दामूअण्णा तिथेच बसले होते. मला वाटलं त्यांना बाहेर पाठवतील. पाठवलं नाही.

करंदीकरला विचारलं, इथलं शिक्षण कसं वाटतं. "फार उत्तम, सर." मग तो खाली बघू लागला. त्या बुधवारपासून तो हात अजून जास्त धुतो.

मग माझ्याकडे वळले. तरुण प्राध्यापकांनी कागद बघून विचारलं, सिझेरियन तुम्ही स्वतः किती केलीत? कागदावर आकडा होता. तो वाचून दाखवला की झालं असतं.

मी म्हटलं, "एक."

म्हाताऱ्यांना ऐकू आलं नाही. "किती?"

"एक, सर. नोव्हेंबरात. ती बाई गेली. बाकीच्यांना मी फक्त कातडीचे टाके घातले."

मग प्राध्यापक म्हणाले, मग इथलं शिक्षण कसं आहे असं तुमचं मत आहे? मी पाठ करून ठेवलं होतं, कुमुद, चांगली वाक्यं होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं की इथे रोगी पुष्कळ आहेत आणि साहेबांचा हात फार चांगला आहे, पण तो हात आम्हाला समोरून दिसतो. आम्हाला कोणी त्या बाजूला उभं करत नाही. आम्ही पहिल्यांदा त्या बाजूला उभे राहतो तेव्हा एकटे असतो, आणि टेबलावर कोणीतरी असतं.

दामूअण्णा उठून गेले. साहेब बसून राहिले. समिती गेल्यावर ते पोर्चमध्ये टांग्याची वाट बघत होते, मी जवळ गेले. मला क्षमा मागायची होती, कशाची ते माहीत नव्हतं. ते म्हणाले, "बरोबर बोललीस." आणि मग, "मला कधी कोणी विचारलंच नाही, चुरी. विचारलं असतं तर मी बोललो असतो का, ते सांगता येत नाही." टांगा आला, ते बसले. त्या दिवशी ते सुईचा चिमटा न देताच गेले होते. कातडीचे टाकेही स्वतः घातले होते.

माझं वर्ष गेलं. ते कागद यायच्या आधीच मला माहीत आहे. इथे माहीमला सगळ्यांना कळलं आहे. भाऊ मळ्यातून येतात, जेवतात, पुन्हा जातात. आज सकाळी आईला सांगत होते, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "शिकवलं कशाला तिला, दवाखाना बंद पाडायला?" जेवताना आईने माझ्या ताटात मासळीचा मोठा तुकडा वाढला.

खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं मला वाटलं होतं. तुला वाटलं का, मंडळाला लिहिल्यावर?

हेमलता


मुंबई,
७ मे १९६७

कुमुद,

परळच्या एका दवाखान्यात मला जागा मिळाली. सगळ्यांत खालची. माझ्याहून लहान मुली माझ्या वरच्या आहेत आणि मला 'अहो चुरी' म्हणतात. वर्ष पहिल्यापासून मोजायचं. माझी तक्रार नाही.

नागपूरहून आलेल्या एका मुलीकडून कळलं की तिथे तुझं पालघरचं वर्ष धरलं आणि तू पास झालीस. ती म्हणाली, तू स्वतः ऑपरेशनं करतेस आणि तुझ्या बाईंनी तुला पहिल्या दिवसापासून हाताखाली घेतलं. ऐकून बरं वाटलं. थोडा मत्सरही वाटला.

पालघरची मान्यता मार्चमध्ये गेली. साहेब एप्रिलपासून येत नाहीत. करंदीकर पुण्याला गेला. थिएटरला कुलूप आहे. साखरबाई साधी बाळंतपणं बघते, अडलेलीला गाडीत बसवते.

हे सगळं मला माहीत होतं, पण कागदावर माहीत होतं. गेल्या सोमवारी ते इथे आलं.

मी सकाळच्या कामावर होते. दारातून एक बाई आणली, बरोबर नवरा. त्याचं बोलणं ऐकून मी वळले. आमच्या किनाऱ्याकडचं बोलणं. शिरगावचा सुका, होडीवर असतो. बायको जमना. तिचं पहिलं बाळंतपण साहेबांनी पालघरला पोट उघडून केलं होतं, तेव्हा मी नव्हते. आता दुसरं. पहाटे कळा सुरू झाल्या, पालघरला नेलं, साखरबाईने पोटावर हात ठेवला, ठोके ऐकले, चांगले आहेत म्हणाली, आणि स्टेशनवर पाठवलं. गाडी सफाळ्याला बराच वेळ उभी होती. सुका म्हणाला, "तितं ती म्हनाली, पोर हालत नाय."

मी कान लावला. ठोके नव्हते.

मूल गेलं होतं, तरी वाट अरुंद होती आणि जुना टाका आतून उसवण्याची भीती होती. पोट उघडणं भाग होतं. आमच्या मोठ्या डॉक्टर वागळेबाई आल्या. हात धुऊन झाल्यावर मी माझ्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिले, समोर, रिट्रॅक्टरच्या जागी. बाई म्हणाल्या, "तिथे काय करतेस? या बाजूला ये." आणि त्या स्वतः समोर गेल्या.

मी उघडलं. गर्भाशय दिसलं. मी चीर घ्यायला सुरी टेकवली तर बाईंनी माझं मनगट धरलं. "थांब. आधी हात घाल. बघ, उजवीकडे वळलेलं आहे ना? ते नेहमी वळलेलंच असतं. सरळ कर. आता काप. नाहीतर तुला मध्य वाटेल तो डावा काठ असतो."

एवढंच होतं ते.

साहेब प्रत्येक वेळी तिथे हात घालायचे, कुमुद. मी समोरून बघायचे. मला वाटायचं ते रक्त टिपतात. कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. पुस्तकात त्याबद्दल एक ओळ आहे. मी ती वाचलेली आहे, खाली पेन्सिलने रेघही आहे. वागळेबाईंना सांगायला लागला तेवढ्या वेळात साहेबांची चौथी बाई शुक्रवारपर्यंत थांबली नसती. गाडीही चुकली नसती. पाणी मागून प्यायला लागतो तेवढा वेळ.

मी सरळ केलं आणि कापलं. काही फाटलं नाही. मूल काढलं. मुलगा होता, गोरा, पूर्ण वाढलेला. पालघरला जिवंत होता. बाई म्हणाल्या, "छान केलंस." मी तिथेच रडू लागले तेव्हा त्यांना वाटलं की मुलासाठी.

दुसऱ्या दिवशी जमनाजवळ गेले. मी माहीमची आहे हे सुकाने तिला सांगितलं होतं. तिने मला आमच्याकडची दोन-चार नावं विचारली, कोण कोणाची ते जुळवून बघितलं. मग म्हणाली, "पालघरचा दवाखाना कोनी बंद केला, बाई? तितं असतं तर..."

मला पुष्कळ सांगता आलं असतं. मंडळ, मान्यता, समिती. मी म्हटलं, "मी बंद केला." आणि का ते सांगितलं. ठमीचंही सांगितलं, नाव न घेता. मला जेवढं साध्या शब्दांत येतं तेवढं. ती छताकडे बघत ऐकत होती. मला वाटलं ती मला शिव्या देईल. कोळीवाड्यातली बाई आहे, तिला येतात. तिने शिव्या दिल्या नाहीत.

"तुमाला येत नव्हतं म्हनून बंद केला," ती म्हणाली.

"हो."

"आता येतं?"

"शिकते आहे."

"मंग शिकून चालू करा," ती म्हणाली, आणि कूस बदलायला जमेना तेव्हा माझा हात धरून बदलली. "आमी काय तवर थांबनार नाय. पोरं होनारच."

कुमुद, मला पदविका मिळायला अजून दोन वर्षं आहेत. त्यानंतर मी पालघरला जाणार आहे, भाऊ बोलोत न बोलोत. पण दोन वर्षं बायका गाडीनेच येणार. सफाळ्याला गाडी थांबणार. मी दामूअण्णांना पत्र लिहिलं आहे. त्यांचं उत्तर आलं. ते लिहितात की मान्यता नको, नाव नको, कोणी येणारं असेल तर थिएटर उद्या उघडतो, राहायला जागा देतो, पगार मात्र थोडा. खाली लिहिलं आहे, "आपल्या त्या दुसऱ्या बाई, ज्यांनी पहिलं पत्र लिहिलं, त्यांना विचारा." ते टोमणा म्हणून लिहिलंय की खरंच, मला कळलं नाही. मी खरं धरते आहे.

तुला येतं. तुला त्या बाजूला उभं राहता येतं. नागपूरला तुझ्यासारख्या आणखी आहेत, पालघरला एकही नाही. तक्रार आपण दोघींनी केली, तू लिहून आणि मी बोलून. मी अजून बसूनच आहे, शिकते आहे. तू शिकलीस.

नाही म्हणायचं असेल तर कार्ड टाक. रागवायचं असेल तर पालघरला येऊन रागव. मी रविवारी सुट्टी घेऊन येईन, स्टेशनवर उभी राहीन, आणि या वेळी बोलायला गाडी सुटेपर्यंत वाट बघणार नाही.

हेमलता